एकोणपन्नास पट्ट्या

४ फेब्रुवारी

वकील,

तू फोन उचलत नाहीस. तुझ्या जागी मीही उचलला नसता. म्हणून लिहितो आहे. मला पत्र लिहिता येत नाही हे तुला माहीत आहे. तू वसतिगृहात होतीस तेव्हा पत्रं आई लिहायची आणि मी खाली 'अभ्यास कर' एवढं लिहून सही करायचो. आता वरचा भागही मलाच लिहायचा आहे.

तू आलीस, दोन दिवस राहिलीस आणि गेलीस. त्या दोन दिवसांत आपण एकमेकांशी चार वाक्यं बोललो असू. त्यातली दोन चहाबद्दल होती. जाताना दारात तू म्हणालीस, "शेवटचं नीट सांगणार आहात का कधी?" मी म्हणालो, "गाडी थांबली आहे."

तर सांगतो.

१७ जानेवारी, दुपार. आईला हॉस्पिटलात आणून पाच दिवस झाले होते. न्यूमोनिया उतरतो आहे असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, त्यामुळे बोलता येत नव्हतं, पण तिच्या खुणा चालू होत्या. सकाळी नर्सबाईंनी तिचं अंग पुसून दिलं, त्यानंतर ती दोन-तीनदा उशाजवळच्या मशीनकडे बोट दाखवत होती. आपलंच मशीन, आत्याच्या कारखान्यातलं, मी आणून लावलेलं. मी म्हणालो, "हो, आपलंच आहे." तिने पुन्हा बोट दाखवलं. मी म्हणालो, "सहा वर्षं दुसऱ्यांसाठी केलंस, आता तुझ्या कामाला आलं." तिने डोळे मिटून घेतले. मग पांघरुणाच्या कडेवरून अंगठा दाबत नेत राहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कामावर करायची तसा. सवयीचे हात. मला ते बघून बरं वाटलं.

अडीचच्या सुमाराला तिने दाराकडे हात केला. जा, जरा पाय मोकळे करून या, असं. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. खाटेपासून तो बाक बारा पावलांवर आहे. पंचवीस मिनिटं बसलो. आतून काही आवाज आला नाही. आमच्या कामात मशीन गप्प म्हणजे माणूस ठीक. मी चष्मा पुसला. समोरच्या भिंतीवर हात धुण्याच्या पद्धतीचा तक्ता होता, तो वाचला. सात पायऱ्या होत्या.

तीन वाजता मोठ्या नर्सबाई थर्मामीटर घेऊन आत गेल्या आणि लगेच पळत बाहेर आल्या.

डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं थकली होती.

मोठ्या हॉस्पिटलात हलवा असं तू चौदा तारखेला फोनवर म्हणाली होतीस. मी म्हणालो होतो, तिथलं बाहेरून आणलेलं मशीनही बोटातून तेच मोजतं जे आपलं मोजतं. तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या मशीनचं कौतुक आईच्या जिवावर नको," आणि फोन ठेवलास. मला राग आला होता. आता नाही. आता काहीच येत नाही. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातो आणि कशासाठी आलो ते विसरून तिथेच उभा राहतो.

बाबा


१९ फेब्रुवारी

वकील,

तुझं पत्र मिळालं. एवढा मोठा कागद आणि त्यावर एकच ओळ. "मशीन वाजलं नव्हतं का?" लहानपणीही असंच करायचीस. आई म्हणायची, बाकीची मुलं दहा प्रश्न विचारून डोकं खातात, आमच्या वकीलबाईंचा एकच असतो आणि तो नेमका दुखऱ्या जागी.

मशीन हॉस्पिटलातून सोमवारी परत आलं. मी स्वतः खोक्यातून काढलं, स्वतः पुसलं, चालू करून पाहिलं. व्यवस्थित आहे. आकडे बरोबर दाखवतं. लाल दिवा लागतो. आत्या म्हणाली, "दादा, हे विकायचं नाही. तू घरी ने." मी नको म्हणालो.

आईचा चष्मा सापडत नव्हता. तो सापडला. चष्म्याचं घर रिकामं होतं, चष्मा वेगळ्या जागी होता. चष्मा तुला हवा असेल तर पाठवतो. घर मला लागणार आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर वर दिलं आहे.

बाबा


२ मार्च

वकील,

मागच्या पत्रात मी लिहिलं की तुझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. दिलेलं नाही. ते पत्र पुन्हा वाचून बघ. आकडे आहेत, दिवा आहे. आवाजाबद्दल एक अक्षर नाही. वर्गात असली उत्तरं लिहिणारी मुलं मी तीस वर्षं पकडली.

आज एका बैठकीत सगळं लिहितो. मधे उठलो तर परत बसणार नाही.

तू कारखाना कधी आतून पाहिला नाहीस, म्हणून आधी ते. आपलं मशीन म्हणजे शाळेच्या पाटीएवढं खोकं. रुग्णाच्या बोटाला चिमटा लावायचा, खोक्यावर ऑक्सिजनचा आणि नाडीचा आकडा येतो. ऑक्सिजन खाली गेला की लाल दिवा लागतो आणि मागे मुठीच्या खाली एक भोक आहे, तिथून भोंगा ओरडतो. बाहेरून येणाऱ्या एकाच्या किमतीत आपली चार येतात. आत्याने हे का सुरू केलं ते तुला ठाऊक आहे. याच हॉस्पिटलात पूर्वी बारा खाटांना एक मशीन होतं, ते या खाटेवरून त्या खाटेवर फिरवायचे आणि ज्याच्याकडून उचललं त्याच्याकडे बघायला कुणी नसायचं. सुरुवातीला खरेदीवाले तिची टिंगल करायचे. "बाई, एवढं स्वस्त! मग बोंबलतं तरी नीट का?" आत्या मशीन त्यांच्या टेबलावर ठेवायची आणि बोटातला चिमटा काढायची. भोंगा ऐकून बाहेरचा शिपाई धावत आत यायचा. "बघा," ती म्हणायची, "शिपायाने ऐकलं. म्हणजे नर्सही ऐकेल." तिची सगळी विक्री त्या भोंग्यावर झाली आहे.

तयार मशीनं मांडणीवर सलग दोन दिवस चालू ठेवतात. चिमट्यात कुणाचं बोट नसतं, त्यामुळे प्रत्येक मशीन ओरडत राहतं. पन्नास मशीनं, दोन दिवस. तुझी आई कामावर आली त्याच आठवड्यात तिची अर्धशिशी उठली. "पन्नास सुना एकदम भांडतायत आणि सासू मी एकटी," असं हसत सांगायची आणि घरी येऊन डोकं बांधून पडायची. काम सोडायला मात्र तयार नव्हती. म्हणून मी उपाय काढला. प्रत्येक भोकावर निळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा. भोंगा दबतो, किड्याच्या कुरकुरीएवढा राहतो. माल जायच्या आधी पट्ट्या काढून टाकायच्या. हे नीट लक्षात ठेव, पट्टी मी आणली. ती म्हणाली होती, "मास्तर, यांची तोंडं बांधलीत ते छान केलंत, पण सोडायची कुणी लक्षात ठेवायची?"

मग लक्षात ठेवायची पद्धत तिनेच बसवली. पट्टी काढायची, भोंगा कान देऊन ऐकायचा, आणि ऐकल्यावरच ती काढलेली पट्टी एका पुठ्ठ्यावर चिकटवायची. दहाच्या पाच रांगा. चिकटवली की कडेवरून अंगठा दाबत न्यायचा. पन्नास झाल्या की खाली सही, मग माल पॅकिंगला. पॅकिंगच्या टेबलावर मुकादम असतो. तो मुकादम वगैरे नाही, सगळ्यांना हुकूम सोडतो म्हणून नाव पडलं. तोसुद्धा पुठ्ठा बघितल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

मागच्या मे महिन्यात आईला दम लागायला लागला, तिने काम सोडलं आणि पुठ्ठा माझ्याकडे आला. मी पट्टी काढायचो आणि चिकटवायचो. मधलं ऐकणं मी सोडून दिलं. सगळी सारखीच तर ओरडतात. मी मोजायचो. मोजणं माझ्या हातचं होतं.

१३ जानेवारीला डॉक्टर म्हणाले, हिच्यावर सतत नजर हवी, पण खाटा वाढवल्यात, या खोलीत मशीन नाही. मी म्हणालो, आणतो की. कारखान्यात गेलो आणि मांडणीवर जी चालू होती त्यातलं एक उचललं. डावीकडून तिसरं. पिशवीत घातलं, आणलं, आईच्या बोटाला चिमटा लावला. नर्सबाईंनी विचारलं, "काका, वाजवून बघायचं का एकदा?" मी म्हणालो, "अहो, आम्हीच तर करतो ही."

त्यांनी नाही वाजवलं. आमचंच होतं ना.

१५ तारखेला मी दोन तासांसाठी कारखान्यात गेलो, कारण माल जायचा होता. पट्ट्या काढल्या. मांडणीवर मशीनं पन्नास, पुठ्ठ्यावर पट्ट्या एकोणपन्नास. तीनदा मोजलं. टेबलाखाली बघितलं. मुकादम कमरेवर हात ठेवून उभा. "मास्तर, गाडी कधीची उभी आहे. पडली असेल कुठेतरी, एका पट्टीने काय आभाळ कोसळतंय?" पट्ट्या पडतात, चपलेला चिकटून जातात, हे खरं आहे. मी रिळावरून एक नवा तुकडा कापला आणि पन्नासाव्या जागेवर चिकटवला. सही केली.

उत्तर आधी बघून गणित त्याला जुळवणाऱ्या मुलांना मी वर्गाबाहेर उभं करायचो.

मांडणीवरची रिकामी जागा भरायला आत्याने दुरुस्तीहून आलेलं एक मशीन ठेवायला सांगितलं होतं. त्याला पट्टी नव्हतीच. हे मला नंतर कळलं. तेव्हा कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. पन्नासावी पट्टी मी शोधत होतो त्या वेळी ती तुझ्या आईच्या उशाशी होती. पुठ्ठा खरं सांगत होता. त्यानंतर आई दोन दिवस जिवंत होती.

परत आलेलं मशीन पुसताना माझं बोट मुठीखाली गेलं आणि गुळगुळीत काहीतरी लागलं. मी ते उलटं केलं. किती वेळ बघत होतो ते सांगता येत नाही. मुकादम म्हणाला, "मास्तर, चहा निवला." मी पट्टी काढली, खिशातल्या आईच्या चष्म्याच्या घरात ठेवली आणि चहा प्यायलो. निवलेला चहा मी पूर्ण प्यायलो, वकील. मग तुला 'व्यवस्थित आहे' असं पत्र लिहिलं.

अजून एक आहे. पहिल्या पत्रात लिहिलं, फुफ्फुसं थकली होती. डॉक्टर तसं म्हणाले हे खरं. पण त्याआधी नर्सबाई मला म्हणाल्या होत्या, आणि परवा मी पुन्हा जाऊन विचारलं तेव्हाही तेच म्हणाल्या, "काका, मास्कची नळी निघाली होती. कुशीवर वळताना निघाली असेल. कळलं असतं तर मी जोडली असती. अर्ध्या मिनिटाचं काम."

मी विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं. तुम्ही ऐकून मान हलवलीत."

त्याच खोलीत मी दुसरं मशीन पट्टी लावून चालू केलं आणि बाकावर जाऊन बसलो. काही ऐकू येत नाही. सात पायऱ्यांचा तक्ता अजून तिथेच आहे.

हे अजून आत्याला सांगितलेलं नाही. तिला सांगितलं तर कारखाना बसेल. तुला आधी सांगितलं.

बाबा


३ मार्च

वकील,

कालचं पत्र टाकून आलो. हे वेगळं पाठवतो आहे, कारण कालपर्यंत मला हे समजलं नव्हतं.

आज सकाळी मी तिचं पांघरूण धुवायला काढलं. कड हातात आली आणि मी अंगठा त्यावरून नेला. उगाच. टोकापासून टोकापर्यंत.

ती कौतुक करत नव्हती.

अंग पुसताना नर्सबाईंनी तिच्या बोटाचा चिमटा काढला होता. म्हणजे मशीन तेव्हा वाजलं असणार. सहा वर्षं ती तो दबलेला आवाज दिवसाचे आठ तास ऐकत होती. त्या इमारतीत तो ओळखणारं दुसरं माणूस नव्हतं. मी तेव्हा खाली औषधं आणायला गेलो होतो. मी वर आलो तेव्हापासून ती मला मशीन दाखवत होती. मला बोट दिसलं आणि मी म्हणालो, हो, आपलंच आहे. तिला समजलं की याला कळत नाही. मग तिने अंगठ्याने दाखवलं. पट्टी. पट्टी. पट्टी. मला बरं वाटलं.

आणि अडीच वाजता दाराकडे हात केला तो पाय मोकळे करायला नसेल. कुणाला तरी बोलवा असं म्हणत असेल. ज्याला कळेल असं कुणीतरी.

मला माहीत नाही. पाय मोकळे करायलाही असेल. मी तीस वर्षं मुलांना सांगत आलो की माहीत नाही हे उत्तर चालत नाही.

बाबा


२१ मार्च

वकील,

तू उत्तर दिलं नाहीस. दे असं म्हणत नाही. पुढे काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितो.

मागचं पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात जाऊन माझ्या सहीचे सगळे पुठ्ठे काढले. अकरा होते. वापरलेली पट्टी ओळखता येते. भोकावर दोन दिवस राहिलेली असते, तिच्यावर त्या भोकाचा गोल ठसा उमटतो. नव्या पट्टीवर ठसा नसतो. मी पुठ्ठे खिडकीशी धरून एकेक पट्टी बघितली. जानेवारीच्या पुठ्ठ्यावर शेवटची कोरी, ती माहीत होती. ऑक्टोबरमधली एक कोरी, ती आठवत होती. तेव्हाही गाडी उभी होती.

ऑगस्टच्या पुठ्ठ्यावर आणखी एक कोरी निघाली. ती मला आठवत नाही. आजही आठवत नाही. सही माझी आहे.

म्हणजे ऑगस्ट आणि ऑक्टोबर मिळून शंभर मशीनं, आणि त्यात कुठेतरी दोन, तोंड बांधलेली, कुणाच्या तरी उशाशी.

मग मी आईचे पुठ्ठे काढले. सहा वर्षांचे. सगळे बघितले, मुकादम मला तीनदा जेवायला बोलावून गेला. प्रत्येक पट्टीवर ठसा. एका पुठ्ठ्यावर चौथ्या रांगेत एक जागा मोकळी होती आणि खाली तिचं अक्षर: 'एक सापडत नाही. सगळी पन्नास परत ऐकली, सगळी बोंबलतात. डोकं फुटलं.' आणि त्याखाली वेगळ्या शाईने: 'सापडली. मुकादमाच्या चपलेला. आता चिकटवत नाही, घाण झाली आहे.'

तिने ती जागा मोकळी ठेवली होती. सही मोकळ्या जागेसकट केली होती. हे असंही करता येतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

तो पुठ्ठा घेऊन मी आत्यासमोर बसलो आणि सांगितलं. ती एखाद्या परक्या माणसाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "दादा, हे मला का सांगितलंस?" थोड्या वेळाने म्हणाली, "नाही, सांगितलंस ते बरं केलंस. पण का सांगितलंस रे?" मग उठून खिडकीपाशी गेली. "वहिनी माझ्या मशीनवर गेली," एवढं म्हणाली. मी म्हणालो, तुझ्या मशीनवर नाही. तिने ऐकलं नाही.

मुकादम दारात उभा होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. "आभाळ कोसळतंय का, असं मी म्हणालो होतो," तो म्हणाला. "मास्तर, मी म्हणालो होतो." मग त्याने नाक पुसलं आणि फोन उचलून माझ्यापुढे आपटला. "आधी फोन लावा. बाकी सगळं नंतर."

आत्या म्हणाली, "फोन दादाच करेल. आणि कारण सांगेल. 'नेहमीची तपासणी' असं म्हणायचं नाही."

मी एकतीस हॉस्पिटलांना फोन केले. प्रत्येकाला सांगितलं की पट्टी मी विसरलो, हिशेब मी खोटा जुळवला आणि माझी बायको त्याने गेली. तिसऱ्या फोननंतर ते वाक्य पाठ झालं. ते पाठ झालं याचाच मला धक्का बसला. एक खरेदी अधिकारी म्हणाले, "म्हणून मी म्हणत होतो, बाहेरचंच घ्या," आणि त्याच आठवड्यात त्यांनी बारा मशीनं परत पाठवली. एका दोन खोल्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई फोनवरच मशीन उलटं करून बघून आल्या. "पट्टी नाहीये. आणि हे बघा, तुमचं दुःख मला समजतं, पण मशीन परत मागू नका. माझ्याकडे दुसरं नाही, आणि ते बाहेरचं मला या जन्मात परवडत नाही."

एक सापडलं. सहा तासांच्या अंतरावर, बाळंतिणींच्या खोलीत. तिथल्या नर्सने फोनवर सांगितलं, "हो हो, निळी पट्टी आहे. आम्हाला वाटलं अशीच येते." मी म्हणालो, आत्ता काढा. ती म्हणाली, काढली. तरी मी बसने गेलो. पाच महिने ते मशीन तिथे होतं. पाच महिन्यांत कुणाला काही झालं का, हे मी दारात उभं राहून विचारलं, आत जायच्या आधी. नाही म्हणाल्या. त्यांनी पाणी दिलं.

मग मी बोटातला चिमटा काढला. भोंगा वाजला. एक बाळ उठलं आणि रडायला लागलं. "आजोबा, पुरे, बंद करा!" सगळ्या बायका ओरडल्या. मी म्हणालो, एकच मिनिट, आणि दाराबाहेर बारा पावलं मोजत गेलो. स्वच्छ ऐकू येत होता. आणखी बारा गेलो. तिथेही येत होता. जिन्यावरून एक माणूस वर धावत आला, "काय झालं, काय झालं?"

दुसरं मशीन मिळालेलं नाही. सापडलेलं धरून अठ्ठ्याण्णव बघून झाली. उरलेली दोन एका हॉस्पिटलात आहेत, तिथे फोन घेत नाहीत. परवा मी स्वतः जाणार आहे. पट्टी कदाचित तेव्हा खरंच पडली असेल. पण 'असेल' हा शब्द लिहायला माझा हात आता तयार होत नाही.

कारखाना दोन आठवड्यांपासून बंद आहे. तपासणी अधिकारी येऊन गेले. मी त्यांना सगळं लिहून दिलं, जानेवारीचा पुठ्ठा दिला आणि चष्म्याच्या घरातली पट्टीही दिली. पन्नासाव्या जागेवरचा कोरा तुकडा मी त्यांच्यासमोर उचकटला. आता पुठ्ठ्यावर एकोणपन्नास आहेत. त्यांनी विचारलं, "मशीनमध्ये काही दोष?" मी दहा वेळा बोटावरचा चिमटा काढून त्यांना भोंगा ऐकवला. पुढे परवानगी मिळेल की नाही, ते महिनाभरात कळेल. मिळाली तर पट्टी बंद. मुकादम म्हणतो, कानात कापूस घालून ऐकायचं, पण ऐकायचं. मला पुन्हा त्या टेबलावर बसवू नका असं मी आत्याला सांगितलं आहे. ती म्हणाली, "बसशील तर तूच. दुसरं कुणी एवढं घाबरून ऐकणार नाही." मी अजून हो म्हणालेलो नाही.

आईचा तो मोकळ्या जागेचा पुठ्ठा या पाकिटात आहे. तिचं अक्षर आहे, तुझ्याकडे असू दे. चष्माही ठेवला आहे. घरासकट.

आणि तुझा प्रश्न. मी तीन पत्रं त्याच्या आजूबाजूला फिरलो. तू विचारलं होतंस, मशीन वाजलं नव्हतं का.

वाजलं होतं. आत्याच्या मशीनने त्याचं काम केलं. नळी निघाली तेव्हापासून ते वाजत होतं, मी बारा पावलांवर बसून चष्मा पुसत होतो तो सगळा वेळ वाजत होतं. त्याचं तोंड मी बांधलं होतं.

ते फक्त तुझ्या आईला ऐकू आलं.

बाबा